चार आठवडे कशासाठी?

"पोटात पू झाला म्हंता, मंग आजच काहून नाही काढत?" पेशंटच्या वडिलांनी आज वॉर्डात विचारलं. पित्ताशयातला खडा सरकून पोराचं स्वादुपिंड सुजलेलं.

प्रश्न रास्तच. पण सुरुवातीला तिथे मेलेले, चिकटलेले तुकडे असतात, भोवती भिंत नसते. घाईत रक्तस्रावाची भीती. भिंत धरायला साधारण 4 आठवडे लागतात. त्याआधीच प्रकृती ढासळली तर बाहेरून नळी टाकतात. भिंत धरली की मग तोंडावाटे दुर्बीण, सोनोग्राफीने जागा बघून जठराच्या भिंतीतून स्टेंट, म्हणजे पू जठरात उतरवणारी छोटी नळी.

धातूचा स्टेंट साधारण 3-4 आठवड्यांत काढायलाच हवा, नाहीतर रक्तवाहिनीला घासतो. इथेच माणसं सुटतात! दुखणं थांबतं, पेरणी येते, स्टेंट काढायची नागपूरची तारीख राहते. खड्यांचं पित्ताशयही काढायचं राहतं, पोटातच.

डिस्चार्ज कार्डावर ती तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?