आज तो पहिल्यांदा घरी आला

ऑफिसातून निघताना साहेबांनी "आज लवकर?" म्हणत घड्याळाकडे पाहिलंच. रिपोर्ट सकाळीच पाठवला होता, पण एकट्या आईचं वेळेवर निघणंही लोकांच्या डोळ्यांत खुपतं. असो.

तो आला. लेक सोफ्यामागे लपला आणि तिथूनच उलटतपासणी सुरू. "काका, तू आईच्या ऑफिसातला का? डायनासोरची नावं येतात तुला?"

आलं एकच, टी-रेक्स. लेकाने कपाळावर हात मारला. मग ट्रायसेराटॉप्सला शिंगं तीन, स्टेगोसॉरसच्या पाठीवर हाडांच्या तबकड्या, असा रीतसर क्लास झाला. हा मांडी घालून ऐकत बसला. मोबाइलला हात नाही, खोटं कौतुक नाही. मला तेवढंच बघायचं होतं. फुलंबिलं काय, कोणीही आणतं.

तो गेल्यावर निकाल लागला: "परत आला तर चालेल. पण माझ्या उशीवर बसायचं नाही."

"पदरात मूल आहे, जपून गं" म्हणणाऱ्यांनो, जपूनच चाललंय. म्हणून तर इतके महिने बाहेरच भेटत होतो.

आता युनिफॉर्म धुवायचाय, उद्याचं प्रेझेंटेशन अर्धं पडलंय, आणि याचा मेसेज आलाय: "स्टेगोसॉरस काय खातो गं? पुढच्या वेळी तोंडी परीक्षा आहे म्हणे."