दुसरा टेक

गायकाने नको म्हटलेला टेक, म्हणजे गाण्याचं एकदा केलेलं रेकॉर्डिंग, ठेवायचा की पुसायचा, याचा आमच्या धंद्यात कुठे लिहिलेला नियम नाही. जो तो आपल्या स्टुडिओपुरतं ठरवतो. मी आजवर बिनदिक्कत पुसत आलो, कारण आमच्याकडे नको असलेला टेक खरोखरच टाकाऊ असतो. जॅझ गाणाऱ्या एका आंटींच्या एका टेकपाशी मात्र गाडी अडली आहे.

आमचा स्टुडिओ माहीमला, रुळांपासून दोन इमारती आत. पोट भरतं ते ऑडिओबुकं, जाहिरातींचे आवाज, गणपतीआधी आरत्या आणि निवडणूक लागली की प्रचारगीतं यांवर. प्रचारगीतांत चाल एक, कोरस एक, फक्त उमेदवाराचं नाव आणि निशाणी बदलायची. नाव लांबलचक असलं की मीटर मोडतं आणि कार्यकर्ते विचारतात, "साहेबांचं नाव जरा फास्टमध्ये बसवता येईल का?" अशा जागी जॅझचं काम क्वचितच येतं. खालच्या झेरॉक्सवाल्याने डबल बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, जिन्यावरून चढताना पाहिला आणि विचारलंच, "जॅझ म्हणजे ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते ना?"

आंटी वांद्र्याच्या गावठाणातल्या, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, सत्तरी ओलांडलेल्या. घरात मराठी, गाण्यात इंग्रजी. वडील ट्रम्पेट वाजवायचे. रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. मुंबईच्या जॅझचा हा जुना शिरस्ता. १९३५ साली लिऑन ॲबी अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला, त्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडच्या, विशेषतः गोव्याच्या, वादकांनी ते संगीत आपलंसं केलं आणि पुढे हीच मंडळी सिनेमाच्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर ठेका धरणाऱ्या आपल्या आजोबांना मागचा ट्रम्पेट चिक चॉकलेटसारख्या अस्सल जॅझवाल्याचा आहे, हे कुठे माहीत होतं? आंटी स्वतः तरुणपणी चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत गायल्या, मग जहाजावरच्या माणसाशी लग्न केलं आणि पुढचं आयुष्य शाळेत गाणं शिकवलं. स्वतःच्या आवाजाची एक रेकॉर्ड नाही. आता भाच्याच्या ओळखीतून एक तरुण निर्माता मिळाला आणि अल्बम ठरला: सहा स्टँडर्ड्स, म्हणजे सगळे जॅझवाले गातात-वाजवतात ती जुनी गाणी, आणि चार आंटींची स्वतःची गाणी. निर्मात्याला आंटींची दोनच हवी होती. "सर्च स्टँडर्ड्सच होतात," हे त्याचं म्हणणं. ते खोटं नाही, पण सत्तरीच्या बाईच्या तोंडावर म्हणायचं नसतं.

पहिला खटका उडाला क्लिकवरून. हल्ली बहुतेक रेकॉर्डिंग क्लिकवर होतं. कानात ठरावीक वेगाने टिकटिक चालू, प्रत्येक वादक वेगळा, कधी वेगळ्या दिवशी, कधी वेगळ्या शहरात. सगळे स्क्रीनवरच्या त्याच उभ्या रेघांना धरून वाजवतात, त्यामुळे नंतर हवं ते कापून हवं तिथे चिकटवता येतं. आंटींनी सरळ सांगितलं, "मशीनच्या मागून मी गाणार नाय. पियानोवाला मला दिसला पाहिजे. तो श्वास घेतो तो दिसला पाहिजे." निर्मात्याने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहऱ्याने "होईल" म्हटलं, आतून उकळ्या फुटत होत्या. सगळ्यांना एका खोलीत बसवून रेकॉर्ड करणं हेच रेकॉर्डिस्टचं काम. बाकी सगळी कारकुनी.

आमच्याकडे ग्रँड पियानो नाही, जुना उभा पियानो आहे. दमट हवेत त्याच्या आतली लाकडी फळी फुगते आणि सूर वर चढतात, म्हणून ट्यूनर सकाळीच येऊन त्याला ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर आणून गेला. एसी बंद, कारण स्नेअर ड्रमवर तारांचा ब्रश फिरवल्याचा आवाज आणि एसीची हवा माइकला सारखीच ऐकू येते. आंटींसाठी रिबन माइक काढला. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. ड्रम बरोबर त्याच्या बहिऱ्या बाजूला बसवले. पियानो दुसऱ्या बाजूला, पण थोडा पुढे, म्हणजे आंटींनी मान जराशी वळवली की पियानिस्टशी नजरानजर. त्यामुळे पियानो त्यांच्या माइकमध्ये थोडा शिरणार, ते मी पत्करलं. माइक तोंडासमोर सरळ धरला तर 'प' आणि 'ब'च्या फुंकरीने आतली पट्टी फडफडते, म्हणून थोडा वर, थोडा तिरका. मग दोन इंच पुढे, एक इंच मागे. हे जुळवण्यात संध्याकाळ गेली आणि निर्माता सारखा म्हणत होता, "पोस्टमध्ये बघू ना," म्हणजे रेकॉर्डिंगनंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करू. 'पोस्टमध्ये बघू' म्हणजे या पिढीचं 'देव बघून घेईल'.

मग लोकल. गाडी गेली की जमिनीतून अगदी खालच्या स्वरात घरघर येते. एरवी ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं की प्रश्न मिटतो. निवेदकाच्या आवाजात तिथे कामाचं काही नसतं. पण डबल बासची सर्वांत खालची तार मोकळी वाजवली तर ती ४१ हर्ट्झला बोलते. घरघर कापायला जावं तर बासच कापला जातो. जलद गाण्यांत ते खपून जातं, म्हणून ती आधी उरकली. संथ गाणी शेवटची लोकल गेल्यावर, रात्री एकनंतर घ्यायची ठरली. मी आंटींना झेपेल का विचारलं. त्या हसल्या. "मी गायचे तेव्हा दुसरा सेटच या टायमाला सुरू व्हायचा."

पहिलं घेतलं 'बॉडी अँड सोल'. १९३० सालचं, जॉनी ग्रीनची चाल. चार मात्रांचा एक बार, अशा आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यातला तिसरा अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत उडी मारतो आणि परत यायची वाट निसरडी आहे; भलेभले तिथे घसरतात. आंटी घसरल्या नाहीत. पण त्या येत होत्या उशिरा. वेग मिनिटाला साठ मात्रांचा, म्हणजे एक मात्रा एक सेकंदाची. पियानोचा कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या स्वरांचा गुच्छ, पडायचा, आणि त्यानंतर जवळजवळ अर्ध्या सेकंदाने आंटींचा शब्द. ओळीच्या शेवटी मात्र दोघं बरोबर एकत्र. पियानिस्ट त्यांच्यासाठी थांबत नव्हता, थांबायचं नसतंच. तो थांबला तर मागे राहण्यातली गंमत संपली. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे ऐकलेल्याला हे मागे राहणं ओळखीचं असतं. ख्याल ऐकणाऱ्यालाही कळेल: सम कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच तिच्याभोवती रेंगाळता येतं. सगळी संथ स्टँडर्ड्स पहिल्याच टेकमध्ये झाली. ड्रमर तर असा, की गाणं संपल्यावर पियानोचा शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत त्याने ब्रश स्नेअरवरून उचलला नाही. हे शिकवून येत नाही.

मग त्यांचं स्वतःचं गाणं. नवऱ्याचं पत्र कुठल्याशा बंदरातून येतं, तोवर तो पुढच्या बंदराला पोचलेला असतो, एवढीच गोष्ट. मधले आठ बार गावठाणातल्या मराठीत. आणि इथे आंटी एकदम ताठ झाल्या. प्रत्येक शब्द मात्रेवर, प्रत्येक स्वर कागदावर लिहिलाय तेवढ्याच लांबीचा. डाव्या हाताची अंगठी म्युझिक स्टँडवर ताल धरत होती. तीही रेकॉर्ड झाली, मागाहून पुसावी लागली. मला वाटलं दमल्या. मी काचेमागच्या खोलीतून म्हटलं, "आंटी, एक सेफ्टी घेऊया," म्हणजे हाताशी असावा म्हणून आणखी एक टेक.

दुसऱ्या टेकला त्यांनी चष्मा काढून ठेवला. कागद बघायचा प्रश्नच मिटला. पहिली ओळ आली तीच कॉर्डच्या बऱ्याच मागून. मधले मराठी बार त्या गायल्या असं म्हणवत नाही. बोलल्या, आणि बोलता बोलता सुरात असल्याचं उघड झालं. पियानिस्टने तिथे डावा हात उचलून घेतला, नुसत्या वरच्या दोन-तीन स्वरांवर राहिला. पहिली लोकल यायला अजून अवकाश होता. टेक संपला तेव्हा माझा असिस्टंट, ज्याला एरवी रॅपशिवाय काही ऐकू येत नाही, तोही मोबाइल ठेवून बसला होता.

आंटींनी काचेच्या आत येऊन दोन्ही टेक पूर्ण ऐकले. "पहिला ठेव," म्हणाल्या. "दुसरा पुसून टाक."

"आंटी, दुसरा फार वर गेलाय."

"चांगला हाय, मला कळतं ना. पण बघ बाला, 'बॉडी अँड सोल' मी कशी पण वाकवली तरी लोक घरी पोचतात, त्यांना रस्ता माहीत आहे. माझं गाणं ते पहिल्यांदा ऐकणार. पहिल्यांदाच वाकवून दिलं, तर सरळ कसं होतं ते त्यांनी कुठे शोधायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नीटसं नाही. कोलमन हॉकिन्सने १९३९ साली हेच 'बॉडी अँड सोल' सॅक्सोफोनवर रेकॉर्ड केलं. सुरुवातीच्या काही बारांनंतर मूळ चाल जवळपास सोडूनच दिली, तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पण तोवर ते गाणं नऊ वर्षं कानोकानी झालं होतं. त्याच्याआधी कितीतरी जणांनी ते सरळ गाऊन ठेवलं होतं, म्हणून त्याला मोकळीक होती. आंटींच्या गाण्याला सरळ गाणाऱ्याही त्याच आणि वाकवणाऱ्याही त्याच. दुसरं कोण रेकॉर्ड करणार आहे ते? जॅझच्या अल्बमांत एकाच गाण्याचे दोन टेक ठेवायची पद्धत आहे, तेही सुचवून पाहिलं. "लोक बोलतील, म्हातारीला ठरवता येत नाय," म्हणाल्या आणि पर्स उचलली.

पुढच्या आठवड्यात निर्मात्याचा मेल. आंटींच्या स्वतःच्या गाण्यांचं टायमिंग त्याला 'एकदम परफेक्ट' वाटलं होतं. तक्रार स्टँडर्ड्सची: आवाज मागे पडतोय, रेघेवर आणून टाइट करा. सोबत स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण. मी कळवलं की आंटींच्या माइकमध्ये पियानोचं लीकेज आहे; आवाज सरकवला तर पियानोही सरकतो आणि प्रत्येक कॉर्ड दोनदा ऐकू येतो. शिवाय क्लिकच नव्हता, तर रेघ कुठली? त्याने विचारलं, एआयने आवाज वेगळा काढता येत नाही का? येतो, पण ब्रश पाण्याखाली वाजवल्यासारखे होतात, असं मी लिहिलं. खरं सांगायचं तर पुष्कळ मेहनत घेतली असती तर बऱ्यापैकी निभावलं असतं. मला ती मेहनत घ्यायची नव्हती. गायिकेने विचार करून जिथे शब्द ठेवला, तिथून तो हलवायचा अधिकार ना त्याला, ना मला.

आणि इथेच मी अडकतो. स्टँडर्ड्सच्या वेळी त्यांचा निर्णय शेवटचा मानला, मग याच बाईने 'पुसून टाक' म्हटलेला टेक पुसताना हात का आखडतोय? असिस्टंट म्हणतो, "सर, त्या गेल्यावर कुणीतरी रिलीज करेल, तेव्हा लागेल." मला नेमकी तीच भीती आहे. पियानिस्टचा फोन आला होता, फक्त स्वतःला ऐकायला कॉपी हवी म्हणून. सज्जन माणूस आहे, तरी दिली नाही. एकाकडे गेलेली फाइल कुठवर जाते, ते प्रचारगीतांनी चांगलं शिकवलंय.

अल्बम निघाला, पहिल्या टेकसकट. आंटींना आवडला. निर्माता म्हणतो तसं सर्चमध्ये स्टँडर्ड्सच पुढे आहेत. आमच्या स्टुडिओचा नियम असा, की पूर्ण पैसे जमा झाले की वर्षभर सेशन ठेवायचं, मग डिस्क मोकळी करायची; काय पुसायचं त्याचा निर्णय त्याच दिवशी करायचा. निर्मात्याने शेवटचा हप्ता अजून दिलेला नाही. मीही मागायची घाई केलेली नाही.