चकलीची भाजणी आणि ईमेलची यादी: आमची वाटचाल

भाजणी किती किलो भाजायची हे आमच्याकडे गेली काही वर्षं ईमेलवर ठरतं. गणपती झाले की परदेशातल्या गिऱ्हाइकांना फराळाचं बुकिंग सुरू झाल्याचा मेल जातो, पहिल्या चार दिवसांत जेवढ्या ऑर्डरी येतात त्यावरनं सासूबाई डाळ-तांदळाचा अंदाज बांधतात, आणि अंदाज चुकला तर एकतर ऐनवेळी भाजणी कमी पडते नाहीतर डबे भरून पीठ उरतं आणि जुन्या पिठाची चकली आम्ही कुणाला देत नाही. त्यामुळे मेल पाठवायचं सॉफ्टवेअर हा आमच्यासाठी धंद्याचा कणा झालाय. ते निवडताना काय काय झालं ते लिहून ठेवते, आपल्यासारखे घरगुती धंदेवाले खूप आहेत, कुणाचे तरी दोन सीझन वाचतील.

सुरुवात २०११ ची. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, सासूबाई आणि मी. शेजारच्या काकूंची मुलगी अमेरिकेत, तिला फराळ पाठवायचा होता तो आम्ही करून दिला, तिच्या मैत्रिणींनी विचारलं, तिथून वाढत गेलं. आधी वही होती, सासूबाईंच्या अक्षरातली, नाव पत्ता आणि पुढे "अनारसे जास्त", "चिवडा तिखट नको" असं. नंतर व्हॉट्सअ‍ॅप आलं. पण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, बाहेरगावच्या लोकांचे नंबर बदलले की संपलंच. ईमेलचा पत्ता मात्र माणूस सहसा बदलत नाही. मग मी जीमेलवरनं बीसीसी करून (म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही असं) पाठवायला लागले, तिथे दिवसाला ५०० ची मर्यादा, आणि "मला पाठवू नका" म्हणणाऱ्यांची नावं हाताने काढायची. एकदा चुकून बीसीसीच्या ऐवजी सीसीत पत्ते टाकले आणि सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले. एकेकाला फोन करून माफी मागितली. त्या रात्री ठरवलं की हे काम नीट सॉफ्टवेअरनेच करायचं.

२०१८ ला वेबसाइट केली आणि एका परदेशी कंपनीचं फुकटातलं खातं उघडलं. मी काय केलं, वहीतले, जुन्या ऑर्डरींचे, प्रदर्शनात चिठ्ठीवर लिहून घेतलेले असे सगळे पत्ते एक्सेलमध्ये घालून एकदम चढवले. त्यातले कितीतरी बंद पडलेले होते. मेल परत आले, काहींनी स्पॅम म्हणून दाबलं, आणि कंपनीने खातं तपासणीसाठी बंद केलं. त्या वर्षी दिवाळी ७ नोव्हेंबरची, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा काळ. मी तीन मेल लिहिले, तिन्हींना एकाच छापाचं उत्तर आलं. खातं बंद झालं त्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच, नवीन जोडलेल्या लोकांची यादी त्या खात्यातच अडकली होती, माझ्याकडे कॉपी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "वही कधी बंद पडली नव्हती गं." त्या रागावल्या नव्हत्या पण मला रात्रभर झोप नाही.

तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना माझा पहिला प्रश्न एकच, यादी बाहेर कशी काढायची? नावं, पत्ते, कोण कधी जोडलं गेलं, कोणी नको म्हणून सांगितलं, हे सगळं सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते अशी साधी तक्त्याची फाइल) एका बटणावर मिळतं का? डिझाइन, रंग, टेम्प्लेट हे नंतर. दर सोमवारी मी ती फाइल उतरवून घेते, गल्ल्याचा हिशेब करते तसंच.

दुसरी गोष्ट परवानगी. २०१८ च्याच मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा लागू झालेला आणि आमची बरीच गिऱ्हाइकं जर्मनी आणि लंडनची. भाच्याने सांगितलं की डबल ऑप्ट-इन ठेव, म्हणजे पत्ता दिल्यावर एक मेल जातो आणि त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तरच माणूस यादीत येतो. मला भीती वाटली की अर्धे लोक गळतील, आणि गळलेच, अर्ध्याहून जास्त. पण ऑर्डरी कमी झाल्या नाहीत! जे गेले ते तसेही कधी घेत नव्हते. आता भारतातही २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, परवानगीची नोंद आपल्याकडे असलेली बरी.

मग पैशाचं. इथे आमच्यासारख्यांनी नीट बघायला हवं. बऱ्याच कंपन्या यादीत किती पत्ते त्यावर दर महिन्याला पैसे घेतात. आमचा धंदा गणपती ते दिवाळी, मग थोडं संक्रांतीचे तिळगूळ आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया, बाकी महिने शांत. वर्षभर भाडं भरून तीन महिने वापरायचं हे परवडत नाही. काही ठिकाणी पाठवलेल्या मेलच्या संख्येवर पैसे असतात, ब्रेव्हो त्यातलं (आधी त्याचं नाव सेंडिनब्लू होतं, २०२३ ला बदललं). त्याचा फुकटचा प्लॅन दिवसाला ३०० मेलचा, आमची यादी तेव्हा १४०० ची, म्हणजे बुकिंगचा मेल सगळ्यांना पोचायला पाच दिवस लागणार, पाचव्या दिवशीच्या माणसाला अनारसे उरणार नाहीत. त्याच्यावर अन्याय का करायचा? आणि फुकटचे प्लॅन कायम तसेच राहतील असंही धरू नका. मेलचिंप ही मेल पाठवायची सोय देणारी २००१ पासूनची अमेरिकेतल्या अटलांटाची कंपनी, फुकटात एकेकाळी २००० पत्ते चालायचे ते पुढे ५०० वर आले, आणि २०२१ ला इंट्यूट नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने ती साधारण १२ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. कंपन्या विकल्या जातात, नियम बदलतात, आपण आपली फाइल जवळ ठेवायची.

पैशाचाच दुसरा धडा २०२१ चा. १ ऑक्टोबरपासून कार्डावरनं आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला, नियम ग्राहकाच्या सुरक्षेचाच होता, पण मी ज्या परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे देत होते त्यांच्याकडे त्याची सोय झालेली नव्हती. पैसे गेले नाहीत, खातं खालच्या प्लॅनवर उतरलं, दिवाळी ४ नोव्हेंबरला. धावपळ करून नणंदेच्या परदेशातल्या कार्डावर निभावलं. त्यानंतर अट घातली की बिल रुपयात हवं आणि त्यावर जीएसटी नंबर हवा, आमच्या सीएंनाही तेच सोपं पडतं. म्हणून झोहो कॅम्पेन्सवर आलो, चेन्नईची कंपनी. दिसायला इतरांपेक्षा साधं वाटलं मला, पण चालतंय.

मधे भाच्याने लिस्टमंक नावाचं मेल पाठवायचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं, झेरोधा या शेअर ब्रोकिंग कंपनीचे कैलाश नाध यांनी बनवलेलं, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आणि फुकट, ते आपल्या सर्व्हरवर टाकायचं आणि अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हिसमधनं हजार मेल दहा सेंटला पाठवायचे. मला मनापासून आवडलं. पण सर्व्हर बिघडला की भाच्याची परीक्षा असो की लग्न असो त्यालाच बोलवावं लागणार, घरात सांभाळणारा माणूस कायम असेल तरच ते घ्यावं असं माझं मत.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ह्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. प्रेसमधनं आलेला जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला तर समोरच्याला नुसती अगम्य चिन्हं दिसतात, युनिकोडच पाहिजे. आणि जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक, त्यात टेम्प्लेटचा कोड, म्हणजे आपला लांब मेल लवकर कापला जातो आणि तळाची यादीतून बाहेर पडायची लिंकच दिसेनाशी होते, मग माणूस वैतागून स्पॅम दाबतो. आता मी मेल छोटा ठेवते आणि भाव फोटोवर छापत नाही, साध्या अक्षरात लिहिते, कारण कितीतरी जणांकडे फोटो आपोआप उघडत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतं, आम्ही तेवढे पाठवत नाही तरी सगळं करून घेतलं. मला भाच्याने समजावलं ते असं: एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोण येऊ शकतं याची वॉचमनकडे दिलेली यादी, डीकेआयएम म्हणजे पार्सलवरचं सील, आणि डीमार्क म्हणजे यादीत नाव नसेल नि सील तुटलं असेल तर काय करायचं ही सूचना. यासाठी स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या वेबसाइटचं नाव, लागतं, जीमेलचा पत्ता सॉफ्टवेअरमधनं पाठवायला वापरू नका, स्पॅममध्ये जायची शक्यता वाढते. डोमेनवाल्याच्या पॅनलमध्ये तीन ओळी टाकायच्या असतात, अर्धा दिवस गेला, पण करून टाका.

किती जणांनी मेल उघडला हा आकडा मी आता बघतच नाही. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपल आयफोनच्या मेलमध्ये फोटो आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो, आणि आमची परदेशातली निम्मी गिऱ्हाइकं आयफोनवाली. मी ऑर्डरी मोजते आणि उत्तरं मोजते. नो-रिप्लाय पत्ता कधीच ठेवला नाही. अमेरिकेतल्या एडिसनहून एक आजी दर वर्षी लिहितात, की कडबोळी मागच्यापेक्षा जाड झाली किंवा बारीक झाली, सासूबाई ते चष्मा लावून वाचतात आणि मला उत्तर सांगतात, मी टाइप करते.

यंदाचा मेल लिहून ठेवलाय. सासूबाईंना त्यात घालायचंय की ओल्या नारळाच्या करंज्या बाहेर पाठवत नाही, सुक्या खोबऱ्याच्याच मिळतील, कारण काय ते दोन ओळीत. त्या दोन ओळी त्या अजून वहीत खोडून खोडून लिहितायत, झाल्या की पाठवणार.