सगळ्यात जास्त प्लास्टिकच ना?

शहरातून कचरा डेपोवर जाणाऱ्या घरगुती कचऱ्याचे नमुने घेऊन त्यात काय किती आहे हे तोलून पाहणे हे माझे काम आहे असे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘सगळ्यात जास्त प्लास्टिकच असेल ना?’ तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. वजनाने पाहिले तर उत्तर ‘नाही’ असे आहे. आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्याचा साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातून आलेला असतो. प्लास्टिक हलके आणि फुगीर असल्यामुळे जागा फार व्यापते, म्हणून तेच डोळ्यांत भरते.

नमुना घेताना गाडीतून उतरलेला कचरा ताडपत्रीवर ओततात, फावड्याने वरखाली करून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे काढून टाकतात आणि हाताने निवडता येईल एवढा ढीग उरेपर्यंत हेच पुन्हा करतात. खरी अडचण त्यानंतर येते. गाठ मारलेली एक कॅरीबॅग हातात येते. तिच्यात मटाराची टरफले, चहाचा चोथा, उरलेला भात आणि तळाशी आंबलेले पाणी असते. ती न उघडता प्लास्टिकमध्ये टाकली, तर भातासकट सगळे वजन प्लास्टिकच्या खात्यावर चढते. उघडून झटकली तरी चिकटलेला ओलावा आणि माती त्या पातळ पिशवीच्या वजनात मोठी भर घालतात. त्यामुळे कोणताही अहवाल हाती आला की पिशव्या उघडून, धुवून, वाळवून तोलल्या होत्या का, हे मी टक्केवारीच्या आधी पाहतो.

ओलावा मोजण्यासाठी नमुना १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. साली-भाज्यांत ७० टक्के पाणी धरले, तर ६० किलो ओल्या कचऱ्यातले ४२ किलो निव्वळ पाणी असते आणि ते आपण डिझेल जाळून शहराबाहेर वाहून नेतो. हेच पाणी डेपोत कुजक्या कचऱ्यातून झिरपत काळे होऊन बाहेर पडते; पुण्याच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या रहिवाशांनी शहराच्या कचऱ्यापायी काय सोसले, ते आठवावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक (जाळल्यावर मिळणारी उष्णता) असलेला, पुनर्चक्रण न होणारा कचरा भरावात, म्हणजे जमिनीत पुरण्याच्या जागी, टाकायला मनाई केली आणि त्याचा उपयोग ऊर्जेसाठी करायला सांगितले. पण तोच सुका कचरा ओल्यात कालवला की त्याचा उष्मांक झपाट्याने घसरतो.

नमुना कुठे घेतला, यावरही उत्तर बदलते. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ पासून आहे. रद्दी, बाटल्या, पत्रा या मंडळींच्या कष्टाने वाटेतच वेगळे होतात, त्यामुळे डेपोवर कागद कमी दिसला म्हणून पुणेकर कागद कमी वापरतात असे होत नाही. तिथे पोहोचतात ती वेफर्सची चकचकीत वेष्टने, डायपर, फाटके कपडे, थर्माकोल आणि झाडलोटीत मिसळलेली माती. डेपोवरचे आकडे घराघरांतला कचरा म्हणून छापले जातात, तेव्हा या माणसांचे काम हिशेबातूनच पुसले जाते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

शिवाय मे महिन्यात आंब्याच्या कोयी-साली वाढतात, पावसात सगळेच भिजून जड होते. एखाद्या आठवड्याच्या नमुन्यावर वर्षाचे गणित मांडून कोट्यवधींचा प्रकल्प उभारू नये. निदान उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, वस्ती-वस्तीतून, घराच्या दारात आणि डेपोवर वेगवेगळे तोलावे.