नाव तांदळातलं, नाव आधारवरचं

लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून यांनी त्यावर अंगठीने नवं नाव काढलं, पेढे वाटले गेले, आणि पुढे तेच नाव नेव्हीच्या कागदांत गेलं. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. मी बालवाडीत नोकरीला लागले ती त्याच दाखल्यावर, त्यामुळे बँकेत, पॅनवर आणि पुढे आधारवरही माहेरचंच नाव. चौतीस वर्षं आमच्या घरात यांच्या दोन बायका सुखाने नांदत होत्या, एक सरकारी आणि एक खरी. हे गेले तेव्हा त्या दोघींचं जमेना. (दोन्ही नावं इथे देत नाही. आत्ताच कुठे प्रकरण मिटलंय.)

हे नौदलात पाणबुडीवर होते, सोनारवर. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा नेव्हीत सोनार आहे म्हटल्यावर त्या शेजारणीला सांगायच्या, "तिथे पण दागिने करायला माणूस लागतोच ना." सोनार म्हणजे पाण्याखालचे आवाज ऐकायचं यंत्र. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि हा मालवाहू जहाजाचा पंखा, ही मासेमारीची बोट, हे नुसते कोळंबीचे कडकड आवाज, असं ओळखायचं. निवृत्तीनंतरही कान तसाच होता. चिपळूण स्टँडजवळच्या आमच्या घरात डोळे मिटून बसले, तरी गाडी गुहागरची की दापोलीची ते नुसत्या इंजिनावरून सांगायचे. दहातल्या आठ वेळा बरोबर. उरलेल्या दोन वेळा म्हणायचे, ड्रायव्हर बदललाय.

विशाखापट्टणमला क्वार्टरमध्ये होतो तेव्हा माझा एक नियम होता, यांची बॅग बाल्कनीतच उघडायची. फॉक्सट्रॉट जातीची रशियन बोट, डिझेलवर चालणारी. आत पंचाहत्तरएक माणसं, गोडं पाणी मोजून, आंघोळ नाहीच. तीन-चार आठवड्यांनी घरी आले की कपड्यांना, केसांना, पाकिटातल्या नोटांनासुद्धा डिझेलचा वास. दोन वेळा धुऊनही बनियन तसाच वास मारायचा. पाणबुडीला ही मंडळी जहाज म्हणत नाहीत, बोट म्हणतात, आणि आपण जहाज म्हटलं की तोंड वाकडं करतात.

निवृत्त होऊन गावी आल्यावर यांना आपल्यासारखे आणखी सापडत गेले. खेडचे दोघे, दापोलीचे तिघे, एक मंडणगडचा, काही आमच्याच तालुक्यातले. मिळून वीस-बावीस जण. नोंदणी नाही, बोर्ड नाही, एक लांबोडकं रजिस्टर तेवढं. दर ८ डिसेंबरला एकत्र यायचे. १९६७ साली त्या तारखेला तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या रिगा बंदरात आपली पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, नौदलात दाखल झाली, म्हणून तो पाणबुडी दिन. मला तो वर्षातून एकदा रम प्यायचा दिवस वाटायचा, आणि मी तसं तोंडावर म्हटलेलंही आहे.

मत बदललं ते २२ जुलै २०२१ ला. वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर पळालो आणि खालचं सगळं बुडालं. पाणी ओसरल्यावर ढोपरभर चिखल. तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून हे बोटवाले उतरले, डिझेलचा पंप आणि फावडी घेऊन. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एक जण पाइप लावतोय, दुसरा गाळण साफ करतोय, तिसरा दोरीने मोजतोय. पाणी उपसणं हा त्यांचा जन्माचा धंदाच म्हणायचा. आमच्या घरानंतर गल्लीतली अकरा घरं त्यांनी उपसली. पंपाच्या धुराने घर भरलं आणि तोच वास आला, बाल्कनीतल्या बॅगेचा. मी काही बोलले नाही, चहा टाकला.

त्या चिखलात लोखंडी कपाटातली फाइलही गेली. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आमचा जोडफोटो. यांनी पानं सुटी करून दोरीवर चिमटे लावून वाळवली, पण शाई पसरली होती. "नवीन प्रती काढू," म्हणाले. पुढचं वर्ष घर उभं करण्यातच गेलं. २०२२ ला नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी झोपेतच गेले. वय एकोणसाठ.

यापुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे सात-आठ महिने वाचले असते.

पहिली चूक माझी. ते गेल्याचं पेन्शनला कळवायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. दिवसकार्य, मग गौरी-गणपती, मग पितृपक्ष. पन्नास दिवस गेले आणि खात्यात दोनदा पेन्शन जमा झाली. मुलगा म्हणाला, पैसे येतायत ना, मग चालू असेल. नशीब, मी हात लावला नव्हता. माणूस गेल्यानंतरच्या दिवसांची पेन्शन परत वळती होते. खर्च करून बसलं तर पुढच्या रकमेतून कापतात.

दुसरी चूक मुलाची. यांचा मोबाइल नंबर त्याने बंद करायला घेतला होता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गटातले दोघे घरी आले. एक आमचे चीफसाहेब, इंजिनवाले, पांढऱ्या मिशांचे, आणि दुसरे दापोलीचे भाऊजी. चीफसाहेबांचा पहिला प्रश्न सांत्वनाचा नव्हताच. "वहिनी, त्यांचं सिम कुठाय?" हल्ली पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या पोर्टलवर असतो आणि पीपीओची प्रत काढायला ओटीपी गेलेल्या माणसाच्या फोनवर येतो. रिचार्ज संपायला नऊ दिवस उरले होते. भाऊजींनी तिथल्या तिथे रिचार्ज मारला, मग चहा घेतला.

पीपीओ निघाला. आणि त्यात बायकोचं नाव तांदळातलं.

बँकेतल्या बाईंनी स्क्रीनकडे बघूनच सांगितलं, "या नावाच्या बाईंना घेऊन या." मी म्हटलं, मीच ती. त्या म्हणाल्या, आधारवर तर तुम्ही दुसऱ्याच आहात. त्यांची चूक नव्हती, पण बाहेर येऊन मी पायरीवर बसले. नवरा गेल्यावर रडायला मला सवड मिळाली नव्हती, ती तिथे मिळाली.

आता मार्ग दोन होते आणि त्यावरून गटात दोन तट पडले. भाऊजींचं म्हणणं, वहिनींनी आधार बदलावं. गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, सासरचं नाव छापून घ्यायचं, की आधार, पॅन, बँक सगळं ओळीने बदलतं. नेव्हीचं रेकॉर्ड हलवण्यापेक्षा हे लवकर होईल. चीफसाहेब म्हणत, उद्या बालवाडीच्या कागदांना अडचण येईल, रेकॉर्डच दुरुस्त करा. अर्धा तास वाद चालला आणि मला कुणी विचारलंच नाही. शेवटी मी म्हटलं, नाव माझं आहे, मी सांगते. माहेरचं नाव मी सोडणार नाही. या वयात मला पुन्हा कुणी तांदळात काढायला नको.

हट्टच होता तो, आणि महागात पडला. नेव्हीचं रेकॉर्ड दुरुस्त करायला शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, मग राज्य शासनाचं गॅझेट. अर्ज दोनदा परत आला. एकदा प्रतिज्ञापत्रात आडनाव आधी आणि नाव नंतर पडलं होतं म्हणून. दुसऱ्यांदा का, ते पत्रात लिहिलंच नव्हतं. चीफसाहेब त्यासाठी पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन आले. कुणाशी भांडले नाहीत म्हणे, दिवसभर नुसते समोर बसून राहिले. पाणबुडीवाल्याला बसायची सवय असते.

मधल्या काळात ८ डिसेंबर आला. २०२२ ला तो मार्गशीर्षातल्या गुरुवारी होता, त्यामुळे दर वर्षीच्या वडे-सागोतीऐवजी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. रमही आधीच्या वर्षाइतकी नव्हती, किंवा मला दाखवली नाही. शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर पितळी घंटा ठेवली होती, कुठल्या बोटीची नाही, बाजारातून आणलेली देवळातली. चीफसाहेबांनी रजिस्टर उघडलं. आधी सिंधुरक्षक. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या डॉकयार्डात त्या बोटीत स्फोट झाले आणि आतले अठरा जण गेले. ती पहाट मला आठवते. हे टीव्हीसमोर उभेच होते, बसायला तयार नव्हते, आणि बातमीत आकडा आला तशी बोटं मोजत होते. मग सिंधुरत्नवरचे दोन अधिकारी, फेब्रुवारी २०१४ मध्ये धुरात गेलेले. एकेक नाव आणि एकेक ठोका. त्यानंतर गटातले, वयाने किंवा आजाराने गेलेले. यांचं नाव आलं, त्यापुढे चीफसाहेबांनी हुद्दा नाही वाचला. म्हणाले, "सोनार." ठोका पडला. त्याचा नाद बराच वेळ राहिला आणि सगळे मान तिरकी करून तो ऐकत होते, अगदी हे ऐकायचे तसेच.

शेवटी एक मिनिट शांतता, ती गाझीवरच्या माणसांसाठी. मी चमकले. गाझी तर पाकिस्तानची, १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमसमोर बुडालेली. वडे खाताना भाऊजींना विचारलं. त्याच युद्धात, ९ डिसेंबरला, पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका खुकरी दीवजवळ बुडवली होती. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी. हे त्यांना माहीत नाही असं थोडंच. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाझी अजून तिथेच पडलीय खाली. आम्ही तिच्याजवळून जायचो." आणि वाटाण्यात वडा बुडवला.

त्या दिवशी मी रजिस्टर हातात घेऊन पाहिलं. बोट निघण्याआधी आत कोण कोण आहे त्याची यादी किनाऱ्यावर ठेवून जातात, म्हणजे काही झालंच तर कुणाला शोधायचं ते कळतं. हे रजिस्टर त्याच पद्धतीने आखलेलं होतं: नाव, बोट, हुद्दा, रक्तगट, फोन. बायकोचा रकाना नव्हता. मी पट्टी मागितली आणि चार रकाने वाढवले. बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, आधारवरचं, पीपीओवरचं. चीफसाहेबांनी आपलं आधी भरलं आणि गप्प झाले. त्यांच्या मंडळींच्या नावात एक वेलांटी जुळत नव्हती. वीस जणांत सात जणांचं काही ना काही निघालं. माणूस हयात असताना हे काम पुष्कळ सोपं असतं.

माझी फॅमिली पेन्शन जून २०२३ मध्ये सुरू झाली, ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या थकबाकीसह. निवृत्तीनंतर मृत्यू झाला की पहिली सात वर्षं, किंवा ते हयात असते तर ६७ वर्षांचे होईपर्यंत, यांतलं जे आधी संपेल तोवर वाढीव दराने मिळते. मग शेवटच्या पगाराच्या तीस टक्क्यांवर येते. हा हिशोब आताच करून ठेवलाय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून विधवा ओळखपत्र मिळालं, घरपट्टी माफ झाली. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मी फोनवर चेहरा दाखवून स्वतः काढते, आणि आता इतर चौघींचाही. त्यांतल्या एकीच्या खोलीत उजेड कमी आहे, तिला अंगणात तुळशीपाशी बसवावं लागतं.

पंप आता आमच्या पडवीत असतो. जूनमध्ये चीफसाहेब येतात, तेल बदलतात, एकदा चालू करून बघतात. मी त्या वेळी कपडे वाळत घालत नाही.

गेल्या महिन्यात मंडणगडचे भाऊजी गेले. बाराव्याला न जाता आम्ही पाचव्याच दिवशी गेलो, मी आणि चीफसाहेब. लोक काय म्हणतील हा विचार गाडीतच करून टाकला होता. त्यांच्या सुनेने पाणी दिलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, माझ्याहून थोड्या लहान. मी त्यांचा हात हातात घेतला, थोडा वेळ बसले, आणि मग विचारलं, "तुमचं लग्नात नाव बदललं होतं का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, "माळ्यावरची पत्र्याची पेटी काढ गं जरा."