भांडायला कोणीतरी हवं

दुपारी बागेतल्या सिमेंटच्या बाकावर टेकलो तर पाठीला काहीतरी टोचलं, बघतो तर कोरलेली अक्षरं, '...यांच्या विकासनिधीतून, सन 2018-19'. मला ही खोडच आहे, बाक, बसथांबा, वाचनालय, मुतारी, कुठेही पाटी दिसली की पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तर लक्षात आलं की 2022 नंतरची नगरसेवकांची नावं जवळपास नाहीतच.

नसणारच म्हणा. मुंबई, पुणे महापालिकांची मुदत मार्च 2022 ला संपली, औरंगाबाद नि नवी मुंबईची तर 2020 लाच, आणि मग निवडणूक नाहीच, नगरसेवकांच्या जागी प्रशासक. एकीकडे ओबीसी आरक्षणाचं कोर्टात अडकलेलं, दुसरीकडे एका प्रभागात नगरसेवक किती, हेच सारखं बदलायचं, चारचा होता तो एकचा, मग तीनचा, 2022 ला सरकार पडलं की परत चारचा. आयुक्तच प्रशासक, म्हणजे बजेट स्वतःच मांडायचं आणि स्वतःच मंजूर करायचं, गोंधळ नाही, सभात्याग नाही, सगळं कसं शांत. संविधानात पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या असं स्पष्ट लिहिलंय, असो.

लहानपणी नगरसेवक म्हणजे आमच्यासाठी बनियनमधला माणूस. बाबांबरोबर रहिवासी दाखल्याला गेलो तर ओट्यावर ही गर्दी, आणि हे आत पंचा गुंडाळून दाढी करतायत, अर्धा गाल साबणाचा, समोर एक काकू नळाला पाणी नाही म्हणून त्यांना अक्षरशः झापतायत. ते "हो वहिनी, बघतो वहिनी" करत आमच्या दाखल्यावर सही करत होते, साबणाचा थेंब नेमका सहीवर. बाबा रस्ताभर त्याला फुंकर मारत आले. पाणी काही लगेच आलं नसणार, पण काकूंचा आवाज त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. आयुक्तांच्या केबिनबाहेर असं ओरडून बघा, शिपाईच आत सोडत नाही.

शेवटी सुप्रीम कोर्टाने कान धरल्यावर 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान झालं एकदाचं. मुंबईत प्रभागाला एकच नगरसेवक, म्हणून एकच बटण, आमच्याकडे चार, अ ब क ड. परवा गटार तुंबलं म्हणून 'अ'ला फोन लावला तर ते म्हणे 'ब' बघतात, 'ब' म्हणाले तुमची लाइन ताईंकडे येते. ताईंचा फोन पीएने उचलला, म्हणाला नाव सांगा, लिहून घेतो.

सांगितलं.