सोलापुरात घर बघताना आधी पाण्याची टाकी बघा

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, दर विचारण्याआधी पाण्याची पाळी विचारा. नळाला पाणी रोज येत नाही. पाळी चार दिवसांची धरली तर पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर, चार दिवस म्हणजे २,७०० लिटर. जमिनीखालच्या टाकीत तुमच्या वाट्याला एवढं पाणी येतं का, ते मोजा. नाहीतर उन्हाळ्यात टँकरचा खर्च भाड्यावर चढतो. वरच्या मजल्याचा फ्लॅट दुपारी तीनलाच बघावा, उन्हाचा अंदाज तेव्हाच येतो.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला प्लॉट स्वस्त असतो, कारण बांधकाम परवाना आणि गृहकर्ज दोन्ही अडतात. नियमितीकरणाचा आदेश हाती नसेल तर विसार देऊच नका. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि एनए (बिगरशेती) आदेश वकिलाकडून तपासून घ्या, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्चही करून घ्या. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदलेल्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

विकणाऱ्यांनी मिळकत कर, पाणीपट्टी आणि वारसनोंद आधी निस्तरावी. व्यवहार अनेकदा वारस असलेल्या एका बहिणीच्या राहिलेल्या सहीवर अडकतो.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, नुसती नोटरी चालत नाही.